बागेच्या छोट्या ट्रॅक्टरचं एक्सल हाउसिंग: ढिले-तुटलेले बोल्ट काढून भारी बोल्ट टाकायची पूर्ण रीत

द्राक्षबागेत जे छोटे ट्रॅक्टर फिरतात, १८-२० ते २५-२७ एचपीवाले, त्यांची एक तक्रार निफाड-दिंडोरीपासून तासगावपर्यंत सारखीच ऐकू येते. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे एक्सलचं हाउसिंग (गॅरेजवाले ट्रम्पेट म्हणतात) मधल्या डिफरन्शियलच्या (वळताना दोन्ही मागची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) डब्याला बोल्टने जोडलेलं असतं, तिथून आधी ऑईल पाझरायला लागतं, मग एखादा बोल्ट ढिला सापडतो, आवळला की महिन्याभरात परत ढिला, आणि एक दिवस डोकं तुटून हातात येतं. मग दुकानात जाऊन "सगळ्यात भारी बोल्ट द्या" म्हणायचं, १२.९ चा (हा ताकदीचा आकडा, खाली सांगतो) काळा बोल्ट आणून गच्च आवळायचा, आणि पुढच्या फवारणीच्या सीझनला या वेळी बोल्टऐवजी हाउसिंगमधले आटेच उपटून येतात. भारी बोल्ट टाकायला माझा विरोध नाही, मी स्वतः टाकतोच, पण नुसता बोल्ट बदलून हे काम होत नाही. बोल्ट तुटला म्हणजे तो जोड आधी हलत होता, आणि तो का हलत होता ते काढल्याशिवाय कुठलाही बोल्ट टाका, तो जाणारच.

बहुतेक ट्रॅक्टरना ट्रकसारखी चासी नसते हे आधी डोक्यात घ्या. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हे सगळे ओतीव डबे एकमेकांना बोल्टने जोडलेले, आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. म्हणजे मागे ६०० लिटरचा ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारायचं यंत्र) लटकवला, त्याचं स्वतःचं वजन वेगळं, की तो सगळा भार या जोडांमधून जातो. चाक जमिनीवरून वर रेटतं, हाउसिंग मधल्या डब्यापासून बाहेर निघालेलं, त्यामुळे जोडाची खालची बाजू उघडायला बघते. म्हणून ऑईल खालून पाझरतं आणि तुटतात तेही बहुतेक खालचेच बोल्ट. त्यात ओळीच्या शेवटी वळताना बांधावरून आपटत जायचं, डिफरन्शियल लॉक (दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा) लावूनच वळवायचं, कोणी चाकं बाहेर सरकवायला स्पेसर टाकलेले, म्हणजे भार तोच पण लांबून. जोड दर खड्ड्याला उघड-मीट करतो आणि बोल्ट थकतो.

आधी नक्की करा की दुखणं इथलंच आहे. चाकाकडच्या ऑईल सीलमधून गळत असेल तर ऑईल रिमच्या आतल्या बाजूला पसरतं, ते काम वेगळं. जोड डिझेलने धुवा, कोरडा पुसा, वरून खडूची भुकटी चोळा, आणि ब्लोअर भरून दोन-चार ओळी फिरवून आणा. खडूवर ओली रेघ कुठून सुरू होते ते लगेच दिसतं. दुसरी खूण म्हणजे जोडावरचा रंग. जोड हलत असेल तर रंगाला बारीक केसाएवढी चीर गेलेली असते आणि तिच्यातून लालसर-काळी पूड निघते, ती साध्या गंजाची नसून दोन लोखंडं एकमेकांवर घासल्याची असते. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) असेल तर मागे वजन लटकलेलं असताना खालच्या बाजूला ०.०५ मिमीचं पातं घालून बघा. जात असेल तर विषय संपला, खोलायलाच लागणार. आणि ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर इथेच थांबा, कंपनीकडे न्या, आपण पाना लावायचा नाही.

काम कधी काढायचं हेही महत्त्वाचं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या मागे लागतात तेव्हा ट्रॅक्टर दोन दिवसही उभा ठेवता येत नाही. माल निघाल्यावर, खरड छाटणीच्या आगेमागे काढा. घाईत केलेल्या या कामाला अर्थ नाही, कारण यातला निम्मा वेळ साफसफाईत जातो.

आता बोल्टचं थोडं समजून घेऊ, कारण दुकानात पैसे इथेच वाया जातात. डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. पहिला आकडा गुणिले १०० केला की तुटायची ताकद मेगापास्कलमध्ये येते, आणि दुसरा आकडा म्हणजे त्याच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा ताणला जातो ते. म्हणजे ८.८ म्हणजे ८०० आणि त्याच्या ८० टक्के ६४०. १०.९ म्हणजे १००० आणि ९००. डोक्यावर आकडाच नसेल तर तो साधा एमएस (माइल्ड स्टीलचा) बोल्ट समजा, दुकानदार काहीही म्हणो. आकड्याबरोबर बनवणाऱ्याची खूण पण पाहिजे. टीव्हीएस, उन्ब्राको वगैरेचे पुड्यातले घ्या, किलोवर मिळणारे नकोत. नाशिककरांना सातपूर-अंबडच्या बाजूला मिळून जातात, मुंबईला जाणं होत असेल तर नागदेवी स्ट्रीट आहेच.

बोल्ट जोड धरून ठेवतो तो आडवा अडकून नाही, ताणला जाऊन. आवळला की तो स्प्रिंगप्रमाणे थोडा लांबतो आणि दोन डबे एकमेकांवर दाबून धरतो. १० मिमीचा ८.८ बोल्ट नीट आवळला तर साधारण अडीच टनाने दाबतो, १०.९ असेल आणि त्याच्या टॉर्कला (आवळायच्या जोराचा आकडा) आवळला तर साडेतीन टनाने. पण लांबतो किती? डोक्यापासून आट्यांपर्यंत मधलं अंतर ४० मिमी धरलं तर ८.८ वाला जेमतेम ०.०८ मिमी आणि १०.९ वाला ०.१२ मिमी. आता विचार करा, जोडाच्या दोन फेसमध्ये रंगाचा थर राहिला, किंवा जुन्या पॅकिंगचा तुकडा, किंवा डोक्याखाली रंग, आणि चालताना तो दबून ०.०८ मिमी बसला, तर ८.८ चा सगळा दाब शून्य. बोल्ट फिरलेला नाही, खूण जागेवर आहे, तरी ढिला. लोक म्हणतात "आवळला होता हो, आपोआप ढिला झाला", तर तो असा होतो. १०.९ चा खरा फायदा इथे आहे, तो जास्त ताणता येतो म्हणून थोडं बसलं तरी दाब शिल्लक राहतो. पण हा फायदा तेव्हाच मिळतो जेव्हा टॉर्क पण वाढवता. १०.९ टाकून जुन्याच टॉर्कला आवळला तर दाब तेवढाच, पैसे तेवढे जास्त.

मग १२.९ का नको? एक तर समोर ओतीव लोखंडातले आटे आहेत, त्यांची ताकद बोल्टएवढी नाही. बोल्ट तुटायच्या आधी आटे जातात आणि बोल्ट शंभर रुपयांच्या आत, हाउसिंग हजारोंचं. दुसरं, १२.९ कडक असतो, झटक्यांच्या भाराला थोडा नाजूकच, आणि त्यावर चकचकीत झिंकचं प्लेटिंग असेल तर प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरून तो काही दिवसांनी उभ्या उभ्या तडकू शकतो. त्यामुळे या कामाला १०.९, बस.

लांबी बघताना तीन गोष्टी. ओतीव लोखंडात बोल्टच्या जाडीच्या किमान सव्वा ते दीडपट आटे आत गेले पाहिजेत, म्हणजे एम १० (१० मिमी जाडीच्या बोल्टला) १३ ते १५ मिमी. ॲल्युमिनियमचं हाउसिंग असेल तर दुप्पट. भोक आंधळं (आरपार नसलेलं) असेल तर त्याची खोली काडीने मोजा, कारण बोल्ट तळाला टेकला की टॉर्क पाना कट्ट वाजतो पण जोड दाबलेलाच नसतो. आणि सगळीकडे आटे असलेला बोल्ट घेण्यापेक्षा अर्धा गुळगुळीत दांडा असलेला घ्या, म्हणजे जोडाच्या रेषेवर आटे येत नाहीत. आट्यांच्या खाचेतूनच चीर सुरू होते. आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) पण मोजून घ्या, एम १० मध्ये १.५ पण येतो आणि १.२५ पण, एम १२ मध्ये १.७५, १.५, १.२५ तिन्ही फिरतात. जुना बोल्ट खिशात घालून जा आणि नट लावून बघा. दोन-तीन आटे फिरून अडकला तर पाना लावून रेटू नका, पिच वेगळा आहे.

स्प्रिंग वॉशर (बोल्ट सुटू नये म्हणून घालतात ती कापलेली चकती) घालायचा की नाही यावर भांडण होतं, करू द्या. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने दाखवलं की बोल्ट सुटतो तो मुख्यतः जोड आडवा सरकल्यामुळे, आणि तशा सरकण्याला स्प्रिंग वॉशर थांबवत नाही. हायटेन्सिल (१०.९ सारख्या भारी) बोल्टखाली जाड, कडक केलेला सपाट वॉशर घाला. मऊ पत्र्याचा वॉशर घातलात तर डोकं त्यात रुतून दाब जातो.

आता खोलायला घेऊ. ट्रॅक्टर थोडा फिरवून ऑईल गरम असतानाच काढा आणि ड्रेन प्लगचं चुंबक बघा. बारीक राखाडी चिखल चालतो, चमकणारे तुकडे चालत नाहीत. सपाट पक्क्या जागेवर लावा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडं. इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात: पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळे मागून एक बाजू उचलून चाक काढलं की वरचा सगळा ट्रॅक्टर कलू शकतो. पुढच्या एक्सल आणि बॉडीच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका, मग जॅक लावा. मधल्या डब्याखाली लोखंडी घोडी किंवा जाड ओंडक्यांची चौकट पाहिजे, विटा नकोत. जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही.

चाक (पाणी भरलेलं असेल तर दोन माणसं लागतात), मडगार्ड, ब्रेकचा रॉड, लिफ्टची साखळी सोडून घ्या. हाउसिंगला चेन ब्लॉकने आधार द्या आणि मग बोल्ट काढा. पुठ्ठ्यावर जोडाचा गोल काढून भोकं पाडा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. लांब-आखूड बोल्ट वेगवेगळ्या जागी असतात, आणि कुठला वाकलेला, कुठला घासलेला त्यावरूनच जोड कुठे हलत होता ते कळतं.

तुटलेल्या बोल्टचं तोंड तर अवश्य बघा, उन्हात धरून. एका कडेपासून गुळगुळीत, काळपट, शंखावर असतात तशा वळणाच्या रेषा आणि उरलेला भाग खरबरीत दाणेदार, असं दिसलं तर बोल्ट थकून तुटलाय, म्हणजे बरेच दिवस ढिला चालत होता. गुळगुळीत भाग मोठा आणि दाणेदार छोटा असेल तर बोल्टमध्ये ताकद कमी नव्हतीच, शेवटी एवढ्याशा तुकड्यावर तो उभा होता. उलट मान बारीक होऊन ओढल्यासारखा तुटला असेल तर कोणीतरी पाइप लावून आवळलाय.

हाउसिंग सरळ बाहेर ओढा, एक्सल शाफ्ट सोबत येईल. मधे पातळ शिम (जाडी जुळवायची पत्र्याची चकती) किंवा कागदी पॅकिंग असेल तर ते फाटू न देता काढा, मायक्रोमीटरने जाडी मोजून लिहून ठेवा, आणि डावी-उजवी बाजू मिसळू नका. काही मॉडेलमध्ये डिफरन्शियलच्या बेअरिंगचा दाब याच जाडीवर ठरतो. तिथे कागद काढून नुसता सिलिकॉन फासला तर गळती थांबेल, पण बेअरिंग गरम होऊन जाईल.

आत अडकलेला तुकडा काढायची घाई नको. तो बहुतेक वेळा ढिलाच असतो, टोकदार पंचने कडेला उलट दिशेने टकटक केलं तरी फिरतो. नाही फिरला तर जंग सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. मग वर नट ठेवून आतून वेल्डिंग भरा आणि गरम असतानाच पान्याने हळू हलवत काढा, वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धं काम होतं. स्क्रू एक्स्ट्रॅक्टर बारीक बोल्टमध्ये घालून जोर लावू नका, तो आत तुटला तर त्याला ड्रिलही लागत नाही. शेवटचा उपाय म्हणजे बरोब्बर मध्यावर सेंटर पंच मारून आधी ५ मिमी मग मोठं ड्रिल. एम १० × १.५ चे आटे नव्याने मारायचे तर भोक ८.५ चं, एम १२ × १.७५ ला १०.२. जुने आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा, त्याच किटमधलं ड्रिल आणि टॅप वापरा. नीट बसवलेला हेलिकॉइल ओतीव लोखंडातल्या मूळ आट्यांपेक्षा कमी टिकत नाही, उलट चांगलाच. भोक वेल्डिंगने भरून परत आटे मारू नका, ओतीव लोखंड बाजूने तडकतं.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच. दोन्ही फेस रंग, जुना गोंद, सिलिकॉन काहीही न ठेवता साफ करा, पितळी ब्रश आणि थिनर. ऑईल स्टोन फिरवला की भोकांच्या कडेचे उचललेले आटे चमकून दिसतात, ते सपाट करा आणि भोकाच्या तोंडाला थोडा उतार द्या. बोल्टचं डोकं जिथे टेकतं ती जागाही रंग खरवडून उघडी करा. नवीन रंगवलेल्या ट्रॅक्टरचे बोल्ट वारंवार ढिले होतात ते यामुळेच. स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारा. मधे उजेड दिसला तर फेस लेथवाल्याकडे नेऊन सपाट करून घ्या, पण किती मिमी काढला ते शिमच्या हिशोबात धरायला सांगा.

आता खरी मजबुती: डॉवेल पिन. १० च्या बोल्टला भोक ११ चं असतं, म्हणजे दाब कमी झाला की जोड अर्धा मिमी इकडे, अर्धा तिकडे सरकायला मोकळा. ते सरकणं थांबवायला कंपनीने दोन पिन दिलेल्या असतात. त्या झिजल्या असतील किंवा भोक अंडाकृती झालं असेल तर तेच तुमच्या दुखण्याचं मूळ समजा. लेथवाल्याकडून भोक रीमर (भोक बरोब्बर मापाचं करायचं हत्यार) मारून एक साइज मोठी पिन बसवून घ्या. पिनच नसतील तर हाउसिंग जागेवर बसवून, सगळे बोल्ट आवळून, शाफ्ट हाताने मोकळा फिरतोय बघून, मगच समोरासमोर दोन भोकं दोन्ही डब्यांतून एकदम पाडून रीमर मारा. सुटं सुटं पाडलं तर जुळणार नाही. माझ्या मते १०.९ बोल्ट आणि पिन यातलं एकच परवडत असेल तर पिन करा आणि बोल्ट चांगले ८.८ टाका.

खालच्या दोन-तीन भोकांना बोल्टऐवजी स्टड (डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा) हाही चांगला उपाय. स्टड ओतीव लोखंडात एकदाच बसतो, नंतर आवळणं-सोडणं सगळं बाहेरच्या नटवर होतं, त्यामुळे आतले आटे झिजत नाहीत.

बसवताना बोल्ट आणि भोकातले आटे थिनरने धुऊन हवा मारा. भोकाच्या तळाला ऑईल राहिलं तर आवळताना ते दबून हाउसिंगलाच चीर पाडू शकतं. थ्रेड लॉक (बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) निळं, लॉकटाइट २४३ सारखं, पुरतं. लाल नको, पुढच्या वेळी गॅस टॉर्चने तापवायला लागतं आणि शेजारी सील असतात. एखादं भोक आरपार ऑईलमध्ये जात असेल तर त्याला आट्यांचं सीलंट लावा, नाहीतर ऑईल आट्यांतून वर येतं आणि तुम्ही पॅकिंगला दोष देत बसता.

टॉर्क मॅन्युअलमध्ये दिला असेल तर तोच धरा. नसेल तर कोरड्या आट्यांना साधारण असं: एम १० ला ८.८ मध्ये ४५ ते ५० न्यूटन मीटर, १०.९ मध्ये ६५ ते ७०. एम १२ ला ८.८ मध्ये ८० ते ८५, १०.९ मध्ये ११५ ते १२०. जुन्या पान्यावर केजी-मीटर असेल तर हे आकडे दहाने भागा, चालतंय. आटे ऑईल किंवा ग्रीसने ओले असतील तर तोच टॉर्क बोल्टला खूप जास्त ताणतो, म्हणून आकडा वीस-पंचवीस टक्के खाली घ्या, थ्रेड लॉक लावलं तरी खालचाच आकडा धरा. हेलिकॉइल नसलेल्या जुन्या ओतीव आट्यांवर एम १० च्या १०.९ ला सुद्धा मी ६० च्या वर जात नाही. एक बोल्ट पूर्ण आणि मग दुसरा असं नको, समोरासमोर, तीन फेऱ्यांत: आधी २०, मग ४०, मग पूर्ण, आणि शेवटी त्याच आकड्यावर गोल एक फेरी. पहिले आवळलेले दोन-तीन बोल्ट त्या शेवटच्या फेरीत हमखास थोडे फिरतात. मग डोक्यापासून हाउसिंगपर्यंत पांढऱ्या पेंटची रेघ ओढा आणि ऑईल भरायच्या आधी थ्रेड लॉकला एक दिवस द्या.

हाउसिंग बाहेर आहे तोवर टॉर्च मारून क्राऊन गिअरचे (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक, त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन) बोल्टही बघून घ्या. लॉक पट्टी तुटलेली किंवा बोल्टच्या डोक्याभोवती चकाकी दिसली तर ते काम वेगळं, तिथे सगळे बोल्ट एकदम नवीन, कंपनीचेच, आणि क्राऊन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेजने लावणारा मेस्त्री पाहिजे. ते अंदाजाने करायचं काम नाही. चालवताना मागून कटकट आवाज येत असेल आणि ड्रेनमधून बोल्टचं डोकं निघालं तर ट्रॅक्टर चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत घाला. तो तुकडा दातात सापडला तर क्राऊन, पिनियन आणि डबा तिन्ही जातात.

पहिल्या दोन फवारण्यांनंतर पेंटच्या रेघा बघा. टॉर्क पाना ठरलेल्या आकड्याच्या थोडा खाली लावून आवळायच्या दिशेने बघायचं, न फिरता कट्ट वाजला की हात काढायचा, उगाच अजून थोडा म्हणून रेटायचा नाही, थ्रेड लॉक तुटतं. ५० तासांनी परत एकदा, आणि तेव्हाच ऑईल बदला कारण साफसफाई कितीही केली तरी थोडी पूड आत जातेच. रेघ हललेली नाही पण खडूवर ओल दिसतेय, तर बोल्टला हात न लावता स्पेसर आणि टायरची हवा बघा, दोन्ही चाकांत सारखी आहे का. ब्लोअर दरवेळी काठोकाठ भरून लिफ्टवर उचलूनच न्यायचा असेल तर ट्रेलरवाला ब्लोअर घ्यायचा विचार करा, त्याचं बहुतेक वजन स्वतःच्या चाकांवर जातं. आणि त्याच पुड्यातले दोन बोल्ट, वॉशरसकट, टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा, कारण फवारणीच्या दिवसांत रविवारी दुकान बंदच असतं.